डाव्या हाताचा चाकू

कनेरगाव नाका
४ नोव्हेंबर २०२५

रत्नपाल,

जय भीम.

फोन करता आला असता. पण वरुडला गेल्यापासून फोनवर तू दोनदा 'हां हां' म्हणतोस आणि फोन शितलकडे देतोस. ती माझ्या गुडघ्याचं विचारते, आईच्या बीपीचं विचारते. चांगलं विचारते. मला तुझ्याशी बोलायचं असतं. म्हणून पत्र. पाकिटावर फक्त तुझं नाव घातलं आहे.

काम चाकूचं आहे.

थावराकाकांचा हात थरथरतो. दिवाळीआधी त्यांनी अंगठा कापून घेतला आणि कलमं कापणं सोडलं. देविदासभाऊच्या नर्सरीत हंगाम तोंडावर आला आणि कापणारा एकटा प्रेमसिंग उरला. मी म्हणाले, मी कापते. देविदासभाऊ हसला. मग हसायचा थांबला. दुसरं कुणी नव्हतं.

"चाकू हाय का तुझ्याकडं?"

"घेते."

"मंग घे. शंभर खुंट देतो. ऐंशी लागले तर बस कापायला. न्हाई लागले तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई."

सासरहून परत आले त्या हिवाळ्यापासून अकरा हंगाम मी तुझ्यामागे पट्टी बांधली. तू जंबेरीच्या खुंटाची साल चिरायचास, संत्र्याचा डोळा आत बसवायचास आणि पुढच्या खुंटाकडे सरकायचास. मी मागून प्लास्टिकची पट्टी गुंडाळत यायचे. तुझी पाठ मला तुझ्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची आहे. अकरा हंगामांत चाकू माझ्या हातात आला तो पुसायला.

तीन चाकू पाहिले. आठवडी बाजारातला लोहाराचा आहे. पातं चांगलं, पण मूठ आणि पातं यांच्यामध्ये खेळ आहे, कापता कापता बोटांवर मिटेल. नाक्यावरच्या कृषी केंद्रातला लाल प्लास्टिकच्या मुठीचा. नवा असताना तो हातावरचे केस काढतो. वीस खुंटांनंतर साल चावायला लागतो. प्रेमसिंगकडे तसाच आहे. तो दर अर्ध्या तासाला दगडावर धार लावत बसतो.

तिसरा हिंगोलीत एका दुकानात काचेच्या आत आहे. परदेशी. अक्रोडाच्या लाकडाची मूठ. पात्याच्या मागच्या टोकाला साल उचलायला पितळेची छोटी जीभ. दुकान बंद होत होतं, म्हणून दुकानदारानं स्वतःच एकदा उघडून दाखवला. एक आवाज आला आणि पातं जिथे थांबलं तिथून हललं नाही. किंमत लिहीत नाही. आईलाही सांगितली नाही.

मला तुझ्याकडून एवढं हवं आहे. पातं चार बोटांचं पुरे होतं का? पोलाद गंजणारं घ्यावं की न गंजणारं? थावराकाका म्हणतात, गंजणाऱ्यालाच धार बसते. आणि खटका कडक असावा की हलका? बाबांचा चाकू तुझ्याकडे आहे. तुला माहीत असणार.

शितलला विचारून सांगू नकोस.

आक्का


१७ नोव्हेंबर २०२५

रत्नपाल,

तुझं उत्तर मिळालं. रविवारी दुपारी, फोनवर, शितलच्या आवाजात.

"आक्का, यांना पत्र भेटलं तुमचं. खटका हलका घ्या बरं का. कडक घेतला तर उघडून उघडून अंगठ्याचं नख निघून येते. माझं निघालं व्हतं."

"तुझं काहून?"

"मीच कापते न आक्का. दोन हंगाम झाले. सांगितलं न्हाई का यांनी?"

"आन् तो?"

"हे बांधतात. थांबा, व्हिडिओ धाडते."

व्हिडिओ आला. आई माझ्या खांद्यावरून पाहत होती. शितलनं डोक्याला पिवळा रुमाल बांधला आहे. ती झपाझप कापते आहे. हातात बाबांचा चाकू आहे, मुठीला बाबांनी गुंडाळलेली तांब्याची तार दिसते.

"रत्नपाल कुठं हाय यात?" आईनं विचारलं.

"मागं."

"मागं काय करून राहिला?"

"बांधून राहिला."

आईनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, "चांगलं बांधतो गं."

हो, तू चांगला बांधतोस. अंगठ्याखाली टोक दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं वेढा द्यायचा, हे या भागात माझ्याशिवाय कुणी करत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू मागे वळून कधी पाहिलं नाहीस.

मी चौदा वर्षांची असताना बाबांनी मला वीस खुंट दिले होते. दोन लागले. त्याच आठवड्यात तुला वीस दिले. तू अकरा वर्षांचा. तुझे सतरा लागले. बाबांनी माझ्यासमोर चाकू मिटून तुझ्या खिशात घातला आणि म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण न्हाई. बाईच्या हाताचा डोळा लागतच न्हाई." आपल्या घरात देव नव्हता. हातगुण होता. बाबा नवसाला हसायचे, पण हातगुणाला हसलेले मी पाहिले नाहीत. मला त्यांनी पट्ट्यांचं बंडल दिलं.

मी ते मानलं. बाईच्या हाताला नसतो म्हणाले, म्हणून मानलं. माझ्या एकटीच्या हाताला नसतो असं म्हणाले असते तर मानलं नसतं.

शितल बाई नाही का? नर्सरीत ती पिशव्यांत माती भरायची. तिनं चाकू मागितला तेव्हा तू तिला हातगुणाचं सांगितलंस का? की न मागता दिलास?

ती अजून काही सांगत होती. "त्या साली नाल्याकडच्या वाफ्याचं झालं न, चारशेतले चाळीस बी लागले न्हाईत, तवापासून यांनी चाकू उघडलाच न्हाई आक्का. माझा हात गेला, म्हणतात. मी लई समजावलं."

मी तिला म्हटलं, चुलीवर भाजी आहे. आणि फोन ठेवला.

भाजी नव्हती.

आक्का


२६ नोव्हेंबर २०२५

रत्नपाल,

जय भीम. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

चाकू घेतला. कसा घेतला ते लिहिते, कारण ते तुला कळायला हवं.

गुरुवारी हिंगोलीला गेले. दुकानदार म्हातारे आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी काचेतून चाकू काढून माझ्यासमोर ठेवला. मी उचलला. ते एकदम म्हणाले, "रुको रुको. बहन, आप बाएं हाथ से काम करते?"

मी म्हटलं, हो.

"फिर ये आपके काम का नहीं."

मला वाटलं, विकायचा नाही. नर्सरीवाल्याला मोठं गिऱ्हाईक समजतात, बाईला समजत नाहीत. मी म्हटलं, पैसे आणलेत. ते हसले. बाहेर कडुलिंब आहे, त्याची एक काडी तोडून आणली. "काटो."

मी कापली. डोळा काढतो तसा लांब काप घेतला. त्यांनी तो काप उलटा करून उजेडाकडे धरला. मधे खड्डा होता. मग तोच चाकू त्यांनी उजव्या हातात घेऊन काप घेतला. तो सपाट. काचेवर ठेवला तर चिकटून बसला.

"देखो. धार एकही बाजू से लगाई है. दाहिने हाथवाले के वास्ते. बाएं हाथ में पकडो तो पाता अंदर घुसता. पेट में गड्ढा पडता. गड्ढे में हवा, और हवा में आंख सूख जाती."

मी विचारलं, कलमाचे सगळे चाकू असेच असतात का?

"सब. बाएं का अलग आता. कोई मांगता नहीं, इसलिए रखता नहीं. नांदेड से मंगा देता हूं. चार दिन."

चार दिवसांनी पुन्हा गेले. तीच मूठ, तेच पातं, धार उलट बाजूला. चाचांनी दुसरी काडी दिली. काप घेतला. उजेडाकडे धरायची गरज पडली नाही. बोटाला कळलं. पोलाद गंजणारं घेतलं. खटका हलका आहे.

येताना बसमध्ये चाकू रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. नरसी फाट्यापर्यंत मला काही सुचलं नाही. त्यानंतर सुचलं.

बाबांचा चाकू उजव्या हाताचा होता. माझे अठरा डोळे त्या चाकूनं मेले. बाबांना ते माहीत नव्हतं. तुला माहीत असण्याचं कारण नव्हतं, तुला तो पहिल्या दिवशीच बसला. कुणी माझ्याकडून काही काढून घेतलं नाही. बावीस वर्षं मी मनात एक गुन्हेगार धरून ठेवला होता. कधी बाबा, जास्त वेळा तू. पाहायला गेले तर तिथे एका पात्याची एक बाजू आहे.

हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला ते आवडलं नाही. तुझा दोष असता तर मला सोयीचं होतं.

आणि शितलचा राग गेलेला नाही. तिचा हात उजवा आहे.

आक्का


८ डिसेंबर २०२५

रत्नपाल,

जय भीम.

आज शंभर भरले. सकाळी सातला बसले, दुपारी दोनला उठले. चाकूला दोनदा दगड दाखवला. डोळे काढायच्या काड्या आपल्याच जुन्या झाडाच्या घेतल्या.

माझ्यामागे बांधायला देविदासभाऊनं पंचफुलाला दिलं. तांड्यातली आहे, मागच्या साली लग्न होऊन आली. हात मऊ आहे, बडबड फार. मी तिला एकटीला बांधू दिलं नाही. डोळा बसवला की थांबायचे, ती पट्टी पुरी करेपर्यंत पाहायचे, मग पुढे. म्हणून सात तास लागले. तिसाव्या खुंटाला तिनं हात थांबवले.

"आक्का, काहून बघून राहिल्या माझ्या हाताकडं?"

"काही न्हाई. बांध."

"मी का चोर हाय? नवऱ्याच्या मायनं बी असं बघितलं न्हाई मला."

प्रेमसिंग पलीकडच्या वाफ्यातून ओरडला, "तिलाच विचार पंचफुला, भाऊ पुढं असताना तू कुठं बघत होतीस म्हणून."

सगळे हसले. मीही हसले.

पंचफुलानं शंभरही पट्ट्या नीट बांधल्या. एकीतही खोट नव्हती. खोट कशी दिसते ते मला ओळखता येतं, म्हणून खात्रीनं सांगते.

एकविसाव्या दिवशी सोडायच्या. २९ तारीख.

आक्का


२९ डिसेंबर २०२५

रत्नपाल,

एक्क्याण्णव लागले.

देविदासभाऊनं स्वतः मोजले. हिरवे, फुगलेले. नऊ काळे होते, त्यातले तीन तर माझ्याच घाईचे. त्यानं नाक्यावरून जिलबी मागवली. सगळ्यांसमोर म्हणाला, "भावाचा हातगुण गेला तो कुठं गेला म्हणत होतो. हितंच व्हता की. बहिणीत आला."

थावराकाका मुद्दाम आले होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटा सुलटा करून पाहिला.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "एकाचा गेला तवाच दुसरीत आला असंल. घरातलं घरात राह्यलं, बरं झालं."

उद्यापासून मी कापायला बसायचं आहे. मला हे हवं होतं. चौदा वर्षांची असल्यापासून हवं होतं. जिलबी हातात घेऊन मी उभी होते आणि लोक तुझं नाव घेऊन माझं कौतुक करत होते.

बाकी उद्या लिहिते.


३१ डिसेंबर २०२५

रत्नपाल,

परवाचं पत्र टाकलं नाही. सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच.

नाल्याकडच्या वाफ्याबद्दल लिहायचं आहे.

त्या डिसेंबरात दुपारच्या चहाला तू म्हणालास, "आक्का, पुढच्या सालापासून शितल बांधील माझ्यामागं. तू आता आराम कर. लई केलंस." तुझं लग्न ठरत होतं. तू खुशीत होतास. माझ्या भल्याचंच बोललास. मी कप विसळला आणि आपण नाल्याकडच्या वाफ्यावर गेलो.

पट्टी खालून वर गुंडाळत जायची, कौलं एकावर एक बसतात तशी, म्हणजे दवाचं पाणी आत उतरत नाही. मी वरून खाली गुंडाळली. शेवटचा वेढा ओढला नाही, नुसता ठेवला. बाहेरून काही कळत नाही. पहिले दहा-बारा खुंट रागात झाले. पुढचे रागात झाले नाहीत. पुढे मी ते लक्ष देऊन करत होते. दोन दिवस. चारशे खुंट.

तू पुढे सरकत होतास. तुझे काप सपाट होते. तुझ्या हातून त्या वाफ्याइतकं चांगलं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडायची ती बांधणारीनंच, ही आपली पद्धत. म्हणून कुणी पाहिलं नाही. मी सोडत गेले आणि पट्ट्या पोत्यात टाकत गेले. आणि लागलं तरी कापणाऱ्याचं, जळलं तरी कापणाऱ्याचं, हीही आपलीच पद्धत. बांधणारीला कुणी विचारत नाही. अकरा हंगाम मला याच गोष्टीचा राग होता. त्या दिवशी मी त्याच पद्धतीच्या आड उभी राहिले.

मला काय वाटलं होतं तेही लिहिते. मला वाटलं होतं, थोडे जळतील. तू घाबरशील. म्हणशील, बांधणारी बदलायला नको, आक्काच बरी. इतकंच हवं होतं मला. तू काळे डोळे पाहिलेस, एकाला नखानं खरवडलंस, चाकू मिटलास आणि म्हणालास, "हात गेला माझा." देविदासभाऊ नाक्यावर चार माणसांत तेच बोलला. तेव्हा मला बोलता आलं असतं. मी पोत्याचं तोंड बांधत होते.

त्यानंतर तू वरुडला गेलास. मी सगळ्यांना सांगितलं की शितलनं नेलं.

काल सकाळी कापायला बसायच्या आधी देविदासभाऊला हे सांगितलं. प्रेमसिंग तिथेच होता.

देविदासभाऊ खुंटांकडे वळला. "चारशे खुंट, शिला."

"व्हय."

"मी त्याला चार लोकांत बोललो."

"व्हय."

"बांधायला भरवसा ठेवला व्हता तुझ्यावर. आता कापायला कसा ठेवू?"

प्रेमसिंग मधे म्हणाला, "आन् भाऊ, ते एक्क्याण्णव?"

"ते तिचेच हायत. त्याला मी न्हाई म्हणत न्हाई. पर तिनं हितं यायचं न्हाई."

मी चाकू घेऊन निघाले. पंचफुला फाटकापर्यंत मागे आली.

आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबला नाही. ताट संपल्यावर म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्याला लिही."

हट्ट्याला एक नवी नर्सरी झाली आहे, मोसंबीची. तिथे मला कुणी ओळखत नाही. विचारून पाहणार आहे. विचारताना हेही सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

तू कापायला बस. तुझा हात कुठेही गेला नव्हता. आणि मी कापते ते डाव्या हातानं, माझ्या चाकूनं. तुझ्यातलं काही माझ्याकडे आलेलं नाही. शितल चांगली कापते. मी तिचा व्हिडिओ पुष्कळदा पाहिला आहे, चूक शोधायलाच पाहिला. डोळा काढताना ती मनगट जरा उचलते, इतकीच सापडली. तू उचलत नाहीस.

तू पुढे बसलास तर ती मागे बसेल. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटत नाही. मला क्षमा करायची की नाही ते तू पाहा, त्यासाठी फोन शितलकडे देऊ नकोस.

सुरुवातीला थोडे दिवस तिनं बांधलेल्या पट्ट्या मधूनमधून तपासत जा.

हे वरचं वाक्य खोडलं तर खोडलेलं दिसेल, म्हणून राहू देते. तपासू नकोस. ती नीट बांधेल.

शिला